मार्टिन साहेबाचा गंज

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. कारण मी जे करून बसलो, ते अठरा वर्षं रंगाच्या वासात काढलेल्या माणसानं करायचं काम नव्हतं.

गोष्ट नव्वदीतली. मी सुप्याला एका कारखान्यात पेंट शॉपला होतो. ट्रॅक्टरचे पत्र्याचे भाग आमच्याकडं यायचे. त्यांचा गंज काढायचा, बेस मारायचा, वर लाल रंग, मग भट्टी. गंज दिसला की माझे हात शिवशिवायचे. लग्नात जेवायला बसलो तरी आधी लोखंडी खुर्चीचे पाय बघायचो. आता बोला!

तेव्हा पत्रा दाबायची नवीन प्रेस बसवायला विलायतेहून मार्टिन नावाचा इंजिनिअर आला होता, तीन महिन्यांसाठी. माझं नाव भाऊसाहेब. आमच्या नगर जिल्ह्यात पोरगं पाळण्यातच साहेब होतं, हे त्याला कोण सांगणार? पहिले पंधरा दिवस मी दिसलो की तो खुर्चीवरून उठून उभा राहायचा. मीही त्याला बसा म्हणायचो. पुढं खरं कळलं, पण तोवर दोस्ती झाली होती.

जेवणाच्या सुट्टीत तो आमच्या शेडमध्ये यायचा आणि एक डबा उघडायचा. आत शिशासारख्या धातूचे शंभरेक तुकडे. पाय, गुडघे, तोफा, नळ्या, खिडक्या. एकेक तुकडा कानशीनं घासायचा, सुईएवढ्या ड्रिलनं भोक पाडायचं, तार घालून चिकटवायचा. महिनाभरात त्यातून दीड वीत उंच, दोन पायांवर चालणारं एक लढाईचं यंत्र उभं राहिलं. वजन म्हणाल तर पाट्यावरच्या वरवंट्याएवढं. त्यांच्याकडं म्हणे नोकरीधंद्याची मोठी माणसं टेबलावर डोंगर आणि घरं मांडतात, फासे टाकतात, टेपनं अंतर मोजतात आणि हजारो वर्षांनी होणारं युद्ध आत्ताच खेळून घेतात. परत गेल्यावर हे यंत्र घेऊन तो त्याच्या मित्रांशी लढणार होता.

मग तो ते रंगवायला नगरला, तो राहायचा त्या बंगल्यावर घेऊन गेला. पाच-सहा आठवडे मला यंत्राचं दर्शन नाही. जायला दहा-बारा दिवस उरले तेव्हा एका सोमवारी तो ते घेऊन आला. त्याला तीन दिवस मुंबईला जायचं होतं. यंत्र माझ्या हातात दिलं, खाली बोट दाखवलं आणि म्हणाला, "भावसाब, बेस. ओन्ली बेस. ब्लॅक."

आता तुम्हीच सांगा. पेंट शॉपमध्ये बेस म्हणजे काय? पहिला हात. मला दुसरा बेस ठाऊकच नव्हता.

तो गेल्यावर मी यंत्र उजेडात धरलं आणि हादरलो. सगळीकडं गंज! रिव्हेटांच्या भोवती, दारांच्या कडांना, गुडघ्यांच्या खाली तांबडे ओघळ. पायांना चिखल. सुप्यात पाऊस शोधून सापडत नाही, आणि याला सहा आठवड्यांत एवढा गंज? मला त्या माणसाची दया आली. एवढ्या लांबून आलेला, आणि आमच्याच जिल्ह्यात त्याची वस्तू सडली.

माझा जोडीदार नामदेव म्हणाला, "साहेबाला इचारलं का?"

"त्यात काय इचारायचं? गंजावर कुनी बेस मारतं व्हय?"

यंत्र रंग काढायच्या रिमूव्हरमध्ये बुडवलं. दात घासायच्या ब्रशनं घासून काढलं. आतून धातू असा लखलखीत निघाला, की एक खड्डा नाही, एक डाग नाही. शिशासारख्या धातूला गंज चढेलच कसा, अशी इथं तरी मला शंका यायला हवी होती ना? नाही आली. मी नामदेवला म्हटलं, बघ, वेळेवर पकडला.

रिमूव्हरनं सांधे सुटले होते, ते परत चिकटवले. काळा बेस मारला. मग वाटलं, साहेब आल्यावर पुन्हा कशाला राबेल? आपणच पुरं करू. ट्रॅक्टरच्या बॉनेटचा लाल घेतला, दोन हात मारले, वर चकाकी दिली आणि भट्टीच्या उबेला वाळवलं. तोंड बघून भांग पाडावा असं झालं होतं.

गुरुवारी मार्टिन साहेब आला. मी यंत्र बाकावर मांडून बाजूला उभा. त्यानं बाकावर नजर फिरवली, मागं बघितलं, बाकाखाली वाकून बघितलं आणि विचारलं, माझं कुठंय?

मी बोट दाखवलं.

तो जवळ गेला. गोल फिरून आला. तेव्हा माझ्याही लक्षात आलं, की उजवी तोफ डावीकडं लागलीय आणि तिचं तोंड मागं आहे. तो हळूच रंगाच्या ड्रमवर बसला. त्याचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा पांढरा झाला होता.

मग त्यानं पिशवीतून दोन चिमुकल्या बाटल्या काढल्या. माझा हात ओढला. स्पंजाचा कपटा तपकिरी रंगात बुडवून माझ्या अंगठ्याच्या नखावर टेकवला, वर केशरी ठिपका दिला, बारीक ब्रशनं एक ओघळ खाली आणला.

माझ्या नखाला गंज चढला.

सहा आठवडे रोज संध्याकाळी बसून त्या माणसानं तो गंज रंगवला होता. मी अर्ध्या तासात साफ केला होता. आणि बेस म्हणजे ते यंत्र ज्या गोल चकतीवर उभं असतं ती चकती. तेवढीच त्याला काळी करून हवी होती!

दुसऱ्या दिवसापासून पाळी सुटली की आम्ही दोघं शेडच्या कोपऱ्यात बसायला लागलो. लाल उतरवला, तोफा जागेवर लावल्या. अंगाचा रंग त्यानं दिला आणि गंजाची बाटली माझ्यापुढं सरकवली. मी नको म्हणत होतो, पण ऐकेना. अहो, गंज कुठं धरतो हे माझ्याहून जास्त कुणाला माहीत? पाणी साठतं तिथं, कड दुमडते तिथं, वॉशरच्या पोटाखाली. आठ दिवसांत असा हुबेहूब गंज चढला, की नामदेवनं नकळत पॉलिश पेपर हातात घेतला. मार्टिन साहेबानं मला मिठी मारली.

निरोपाचा कार्यक्रम कँटीनमध्ये. नवी प्रेस बघायला ट्रॅक्टर कंपनीचे चार मोठे साहेब आलेले, पहिल्या रांगेत वेफर्स खात बसलेले. मार्टिन साहेब इंग्रजीत बोलत होता आणि आमचे मॅनेजर देशमुख साहेब एकेक वाक्य मराठीत सांगत होते. शेवटी त्यानं माझ्याकडं हात केला आणि एक वाक्य बोलला. तेवढं वाक्य देशमुख साहेबांनी मराठीत सांगितलंच नाही. मला फक्त "रस्ट" आणि "भावसाब" एवढं कळलं. माझी छाती फुगली. मी उठून उभा राहिलो आणि चारी बाजूंना हात जोडले.

वाक्य काय होतं ते नंतर कळलं. "आयुष्यात मी पाहिलेला सगळ्यात सुंदर गंज या कारखान्यात, भावसाबांच्या हातून तयार झालेला आहे."

पहिल्या रांगेतल्या साहेबांना मात्र ते तिथंच कळलं आणि त्यांचं वेफर्स खाणं थांबलं. त्यातल्या एका साहेबानं देशमुखांच्या कानाशी वाकून विचारलं, "हे आमच्या मालाला रंग देतात का?"

देशमुख साहेब म्हणाले, "छे, छे. ते पॅकिंगला असतात."

मी अजून हात जोडूनच उभा होतो. सोमवारी कामावर गेलो, तर पॅकिंगच्या हजेरीपटावर माझं नाव चढलेलं होतं.