डाव्या खांद्यावरची हळद

हौसामावशींच्या साडीच्या डाव्या खांद्यावर कायम हळदीचा डाग असे. साड्या बदलत, डाग हलत नसे. उमरठच्या वरच्या अंगाला एका वाडीत आमची दोनशिक्षकी शाळा, आणि तिथल्या एकोणीस मुलांची खिचडी मावशी शिजवायच्या. मी महाडहून नव्याने रुजू झालेली बाई. पहिल्याच दिवशी शहाणपणा दाखवायला गेले आणि म्हटलं, "मावशी, खांद्यावर डाग पडलाय."

"डाग नाय गो बाई, शाबासकी हाय ती," असं म्हणून त्यांनी मला तिथेच उभं केलं. खिचडीचा टोप चुलीवरून उतरवला, दोन पावलं मागे सरल्या, टोपाला हात जोडले आणि पळी धरलेल्याच हाताने स्वतःचा डावा खांदा थोपटला. "ब्येस झाली हो हौसा!"

मला हसू आवरेना. आमच्या घरी स्वतःचं कौतुक करणं हा चोरीच्या खालोखालचा गुन्हा. चौथीत मी पहिली आले तेव्हा आई म्हणाली होती, "यंदा वर्गात मुलं कमी असतील." इथे ही बाई रोज सकाळी अकरा वाजता राजरोस स्वतःला शाबासकी देत होती. खिचडीपुरतंच नव्हे. पडवी झाडून झाली की पडवीला नमस्कार आणि खांद्यावर थाप. ताटं पालथी घातली की ताटांना नमस्कार आणि थाप. एकदा सुईत पहिल्या झटक्यात दोरा गेला, तर त्यांनी सुईलासुद्धा हात जोडले.

आमचे मुख्याध्यापक कदम सर मोठे देवभक्त. त्यांना हे खटकायचं. एकदा ते म्हणाले, "मावशी, वर एवढं देऊळ आहे, तिथे तुम्ही कधी दिसत नाही. टोपाच्या कसल्या पाया पडता?"

"सर, देवाच्या पाया पडलं तर देव बरं म्हनंल नि गप बसंल. टोपाच्या पाया पडलं की टोप नीट घासावा लागतो. ज्याच्या पाया पडायचं त्याच्या बुडाला खरकटं ठेवता येतं काय?"

कदम सरांनी वाकून टोपाचं बूड बघितलं. ते लख्ख होतं.

माझं दुखणं वेगळंच होतं. मुलांसमोर मी धबधब्यासारखी बोलायचे, पण चार मोठी माणसं समोर बसली की जीभ टाळ्याला चिकटायची. पोलादपूरला शिक्षकांच्या मासिक परिषदेत मला आदर्श पाठ घ्यायला लावलं होतं. तिसऱ्या वाक्याला मी सगळं विसरले आणि खाली बसले. मागून कोणीतरी खुदकन हसलं. ते हसणं मी मिनीडोर रिक्षातून घरी आणलं आणि उशाशी घेऊन झोपले. महाडला आत्मसन्मान आणि अध्यात्म अशा भारदस्त नावाचं दोन दिवसांचं शिबिर केलं. तिथे आरशात बघून "मी अद्वितीय आहे" असं एकवीस वेळा म्हणायचं होतं. सातव्या वेळेला मला दिसलं की नाकावर पावडर फुटलीये, आणि उरलेल्या चौदा वेळा माझं लक्ष तिथेच राहिलं.

शेवटी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला. पुढची परिषद आमच्याच शाळेत होती, पाठ पुन्हा माझाच होता. या खेपेलाही फजिती झाली तर कागद केंद्रप्रमुखांच्या हातात द्यायचा, असं मी ठरवलं. हे फक्त मावशींना सांगितलं होतं.

"द्यायचा तर दे," त्या म्हणाल्या. "पन जेवून दे. उपाशी मानसानं कागद देऊ नये."

परिषदेच्या दिवशी पस्तीस शिक्षक आले. पाहुण्यांसाठी मावशींनी वालाचं बिरडं करायला घेतलं होतं. दोन दिवस वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलून. साडेदहाला करपल्याचा वास सुटला. मी स्वयंपाकाच्या खोलीकडे धावले. खरं सांगायचं तर मनात थोडा आनंदही होता, न जाणो परिषदच रद्द होईल.

मावशी टोपापासून दोन पावलं मागे उभ्या होत्या. आता या रडणार, असं मला वाटलं. त्यांनी टोपाला हात जोडले. "हौसा, लावलंस गो बिरडं. गप्पा मारीत बसलीस." आणि पळीचा हात नेहमीसारखा खांद्यावर गेला. थप, थप.

"अहो मावशी, करपलं तरी शाबासकी?"

"चांगलं झालं तवा पाठ थोपटायला सगळा गाव येतो. करपलं तवा कोन येतो? मंग मीच येते."

एवढं बोलून त्या तडक वर्गात गेल्या आणि पस्तीस शिक्षकांना म्हणाल्या, "बिरडं लागलं हाय, माज्या हातानं. वरचं वरचं तुमाला वाढीन, खालचं मी खाईन. ताक भरपूर हाय." ना रडगाणं, ना सबब. लोकांनी माना डोलावल्या. आकाश काही कोसळलं नाही.

मग माझा पाठ. भाकरीच्या तुकड्यांवरून अपूर्णांक. चौथ्या वाक्याला डोकं कोरं झालं. कोणीतरी खाकरलं. दारात मावशी उभ्या होत्या, पण त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या, पदराने हात पुसत होत्या. माझा हात आपसूक खांद्यावर गेला. "मुलांनो, बाई विसरल्या," मी म्हटलं. "पहिल्यापासून सुरू करू."

त्याबरोबर एकोणीसच्या एकोणीस मुलांनी आपापला खांदा थोपटला. रोज मावशींची खिचडी खाणारी मुलं ती! वर्गात एकदम थप, थप असा आवाज उठला. नंतर पाठ कसा झाला मला नीट आठवत नाही, पण तो शेवटपर्यंत झाला, आणि भाकरी चौघांत बरोबर वाटली गेली.

केंद्रप्रमुखांनी चष्मा सावरला. "हा कुठला उपक्रम?"

कदम सर ताडकन उभे राहिले. "स्व-शाबासकी, साहेब! दोन वर्षं राबवतोय."

अहवालात तसं छापून आलं. मार्गदर्शक, श्री. कदम. मी चिडून मावशींना सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गो. सरांना कोन शाबासकी देत नाय." माझ्या राजीनाम्याने त्यांनी दुसऱ्या दिवशी चूल पेटवली आणि कागद झकास पेटतो म्हणून त्याचंही कौतुक केलं.

गेल्या वर्षी मावशींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. मी भेटायला गेले तेव्हा सून शेतावर होती. "बस, चा करते," म्हणाल्या. मी उठू लागले तर डोळे वटारले. डाव्या हाताने चूल फुंकली, डाव्या हातानेच भांडं उतरवलं. अर्धा तास लागला. मी पहिला घोट घेतला आणि माझं तोंड बघून त्यांनी माझाच कप ओढून चव घेतली.

"मीठ पडलं काय गो!" म्हणून खो खो हसल्या.

मग भांड्याकडे बघून हात जोडू गेल्या. जोडायला दुसरा हात उठत नव्हता. डावा हात त्यांनी सावकाश उजव्या खांद्यावर नेला आणि तो निर्जीव खांदा थोपटला. थप, थप. "ह्या हातानं लय रांधलान, बाई. आता बसू दे त्याला." पातळाच्या उजव्या खांद्यावर काजळीची पाच बोटं उमटली. मला रडू आवरलं नाही. माझ्या आईने मला कधी दिलं नव्हतं ते या बाईने मला दिलं होतं, आणि मी ते कधी त्यांना तोंडाने सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगता आलं नाही. खारट चहा मात्र थेंबभरही न ठेवता प्यायले.

महिन्याभरात त्या गेल्या. ती आमची शेवटची भेट.

त्या दिवशी निघण्यापूर्वी मी कप मोरीत नेला, घासला, पालथा घातला. त्या बघत होत्या म्हणून दोन पावलं मागे सरले आणि कपाला हात जोडले. डोळे पुसून पर्स उचलली, उंबऱ्यापर्यंत पोचले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"खांदा ऱ्हायला, बाई."