साडूंची सकाळची नाडी

झाडांवर आमच्या मोठ्या साडूंइतका विश्वास अख्ख्या नागपुरात दुसऱ्या कुणाचा नसेल. ताप आला की गुळवेल, पाय मुरगळला की निर्गुडीचा पाला, आणि एखादा माणूस चिडका निघाला तर त्याच्या दारात तुळस नसणार, हे निदान ठरलेलं. जन्मभर कोराडीच्या वीजकेंद्रात मीटरच्या काट्यांवर नजर ठेवून नोकरी केली, आणि निवृत्त होऊन सक्करदऱ्याला आल्यावर अंगणात इतकी झाडं लावली, की पाहुण्याला घराचं दार शोधावं लागे. केमिकलची गोळी घेणार नाही म्हणजे नाही, हा त्यांचा बाणा.

पुढे त्यांच्या हृदयाचे ठोके वाटेल तसे पडू लागले. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, तर हे खुर्चीत ठाण मांडून बसले. "पहिले सांगा जी, हे कोणत्या झाडाची होय?" डॉक्टर शेवटी दमून म्हणाले, की हे औषध एका परदेशी झाडाच्या पानांतून काढतात, आपल्या कण्हेरीत असतं त्याच जातीचं. ठोका सावकाश आणि जोरकस करतं, पण मात्रा जरा जास्त झाली की तेच विष. साडूंनी पहिलं वाक्य ऐकलं आणि खूश होऊन उठले. बाकीचं ताईने, म्हणजे माझ्या मेहुणीने, नीट ऐकलं: रोज गोळीआधी नाडी मोजायची, साठाच्या खाली असेल तर गोळी द्यायची नाही आणि दवाखाना गाठायचा.

तेव्हापासून रोज सकाळी गॅसवर दूध, भिंतीवर घड्याळ आणि ताईच्या बोटांखाली साडूंचं मनगट, असा कार्यक्रम सुरू झाला. स्वतः मोजायची त्यांना बंदी होती, कारण गोळी मिळावी म्हणून ते भरभर मोजत. "रीडिंग सांग वं," ते म्हणत. "चूप बसा, चुकते माझं," ताई म्हणे. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "सगळा संसार झाला गा, पण इतका वेळ हात धरून कधी बसलो नाही आम्ही. मले त या गोळीपेक्षा त्याचीच सवय लागून राहिली."

मग त्यांचा घसा बसला. भजनात आवाज लागेना, म्हणून साडूंनी ज्येष्ठमधाचा काढा सुरू केला, आणि तोही तांब्या भरभरून. मी हटकलं तर म्हणाले, "हेही झाड, तेही झाड. भांडतील काहून?" मलाही ते पटलं. एका रविवारी मी त्यांच्याकडे पोहे खायला गेलो, तर साडूंनी झणझणीत तर्री घातलेल्या पोह्यांची ताटली, जिच्याशिवाय त्यांचा रविवार होत नसे, न शिवता परत सारली. मी चमकलोच. तेवढ्यात ते ताईला म्हणाले, "पांढरी साडी हळदीत काहून बुडवली वं?"

साडी स्वच्छ पांढरी होती. ताईने त्यांचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "साठाच्या खाली. गाडी काढा."

साडूंनी दाराची चौकट घट्ट धरली. "काढा जास्त झाला असल, उतरल आपोआप!"

"तुमची झाडं तुमी सांभाळा," ताई म्हणाली आणि एकेक बोट सोडवत गेली. "हे मनगट माझं होय."

ज्येष्ठमधाने अंगातलं पोटॅशियम कमी होतं आणि मग नेहमीचीच गोळी विषासारखी चढते, भूक मरते, सगळं पिवळं दिसतं, हे आम्हाला इस्पितळात कळलं.  ताई खाटेशेजारून हलली नाही. मशीनवर ठोके दिसत असतानाही तिने हात सोडला नाही.

साडू सुखरूप घरी आले. निघताना डॉक्टरांनी गोळी बदलली, पण ती कोणत्या झाडाची हे साडूंनी विचारलंच नाही. एवढंच विचारलं, "याले रोज नाडी पाहा लागते का जी?" घरी मोजायची आता गरज नाही, असं कळल्यावर त्यांचा चेहरा जो उतरला, तो घर येईपर्यंत तसाच होता.

परवा सकाळी गेलो, तेव्हा नवी गोळी घेऊन झाली होती. तरी साडूंनी हात टेबलावर पसरून ठेवला होता, आणि ताई घड्याळाकडे बघत ओठ हलवत होती. दूध वर आलं.  मी हळूच उठून गॅस बंद केला. ताई मोजतच होती.