स्क्रीनशॉटसाठी पुसलेलं खातं

मित्रांनो, आज दुपारी घडलेली गोष्ट अजून डोक्यातून जात नाही.

वर्ध्याच्या एका घरगुती पाककृतींच्या वेबसाइटसाठी मी माहितीपुस्तिका लिहितो. आजचं काम होतं सदस्याचं खातं कायमचं पुसणाऱ्या नव्या टूलवर. ते बॅकअपसुद्धा पुसतं, आणि त्याचाच सगळ्यांना अभिमान. पुस्तिकेत टाकायला स्क्रीनशॉट हवा होता. मी म्हणालो, एक खोटं खातं उघडू आणि ते पुसू.

"दादा, तेवढ्यासाठी काऊन ताप घेता?" टूल बनवणारा प्रफुल्ल म्हणाला. "हे नाचणगावच्या बाईचं खातं बंदच पडून आहे. कोनाले फरक पडते?" मी काही बोलायच्या आत त्यानं बटण दाबलं. स्क्रीनशॉट छान आला.

संध्याकाळी त्या बाईंच्या मुलीचा हिंगणघाटहून ऑफिसात फोन आला, तो मीच उचलला. "साहेब, आईनं लिहिलेली गोळाभाताची रेसिपी तुमच्या साइटवर दिसून नाई राह्यली. आई गेली तवापासून मी तिथंच पाहून करतो. घरी तिनं काईच लिहून नाई ठेवलं."

खातं कायमचं पुसलं गेलंय, ते परत येणार नाही, असं मी सांगितलं.

ती हळूच म्हणाली, "तिनं काई चुकीचं लिहिलं होतं का?"

"नाही," एवढंच मी म्हणालो. आम्हाला एक चित्र हवं होतं म्हणून तुमच्या आईचं लिखाण गेलं, हे सांगायला जीभ रेटली नाही.

उद्या तिला फोन करून खरं सांगणार आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर कसं सांगितलं असतं?