काच वाजली की बागेत

कर्जतच्या आमच्या वाचनालयात दुपारी कौलांमधल्या काचेतून एक पिवळट उजेड खाली येई आणि त्यात धूळ तरंगत राही. कोण वाचतंय आणि कोण झोपलंय, हे पान उलटल्याखेरीज कळत नसे. चाळीसच्या दशकातली गोष्ट. मी तिथला चिटणीस होतो. कुलूप उघडायचं, वर्तमानपत्रं मांडायची आणि कुणी न विचारता सल्ले द्यायचे, एवढं माझं काम.

एकच वाचक आत येत नसत. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका. उत्तरेकडे नोकरीला असताना भूकंपात शेजारचं घर माणसांसकट बसलेलं त्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून घरी ते ओटीवर झोपत आणि आमचं वर्तमानपत्र समोरच्या बागेतल्या बाकावर वाचत. बाग म्हणजे एक चिंच आणि चार तगरी. मृग लागला की त्यांचं वाचन बंद, ते थेट दसऱ्यापर्यंत. मग घरी भिंतीकडे बघत बसत म्हणे. या खेपेला मृगाआधी त्यांना आत आणायचंच, असं मी ठरवलं.

त्यासाठी मी भूकंपावर व्याख्यान ठेवलं. टेबलाखाली कसं शिरावं ते करूनही दाखवलं. काका खिडकीबाहेरून बघत होते. आमच्या टेबलाला खाली पाय ठेवायची आडवी फळी होती, हे मी विसरलो. शिरलो तो फळीत अर्ध्यावरच अडकलो. नेमकी तेव्हाच घाटात जाणारी मालगाडी, मागे ढकलणारी इंजिनं लावून, समोरून निघाली. आमच्या 'संग्रहालया'चं काचेचं कपाट हादरलं. त्यात होती चार नाणी आणि एक शंख, आणि वर भुसा भरलेलं साळिंदर. साळिंदर कपाटावर ठेवायची अक्कल माझीच. ते माझ्या पाठीवर आलं.

खालापूरकडून भात विकायला नेहमी येणारे एक शेतकरी बाजारभाव ऐकायला बसले होते. ते वाकून म्हणाले, "चिटणीस, भूकंप गेला. आता भाईर या की."

"निघता येत नाहीये."

"मंग ऱ्हावा तितंच. पुढचा आला की हाईतच तुमी तयार."

काका मात्र हसले नाहीत. "फळीचं सोड रे," ते म्हणाले. "कौलारू घर हे. वेळेवर उठून बाहेर येतं कोण?"

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर नियम लिहिला : कपाटाची काच वाजली की सर्वांनी निमूटपणे बागेत जावे. मालगाडीनंही काच वाजते, हे खडू खाली ठेवल्यावर सुचलं. पण नियम पुसायचा म्हणजे चूक कबूल करायची, आणि साळिंदरानंतर माझ्याकडे तेवढी अब्रू शिल्लक नव्हती.

मग काय, प्रत्येक मालगाडीला वाचनालय बागेत. आधी लोकांनी मला शिव्या दिल्या. नंतर बुद्धिबळाचा पट तसाच उचलून आणू लागले. पुढेपुढे तर झोपेतच यायचे. काच किणकिणे, खुर्च्या सरकत, पानं हातात धरून माणसं तगरींमधून चालत येत आणि चिंचेखाली काकांच्या भोवती टेकत. वाक्य आत सुरू होई, बाहेर संपे. गाडी घाटाकडे विरून गेली तरी उठावंसं वाटत नसे.

अशाच एका दुपारी काच वाजली. आम्ही सवयीनं बाहेर आलो, टेकलो. ऊन चिंचेतून ठिबकत होतं.

"गाडी न्हाय आली," शेतकरी म्हणाले.

सगळ्यांनी रुळांकडे पाहिलं. सिग्नलचा हात आडवाच होता, गाडीला वाट दिलेलीच नव्हती. तगरीची फुलं वारा नसताना हलत होती, मग थांबली.

"गाडी नव्हतीच ती," काका हळूच म्हणाले. "जमीन कधीकधी कूस बदलते." ते एकेकाकडे बघत गेले, जशी कुणी घरची माणसं मोजावीत. "तेव्हा मी ओरडत होतो. एकही जण उठला नव्हता रे."

मग त्यांनी टोपी नीट केली, चष्मा घेतला, आणि आम्ही बघत असताना वाचनालयाच्या पायऱ्या चढून आत गेले. दाराजवळची खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

आम्ही बाहेरच. आत जायची कुणाची छाती होईना. चिटणिसांनी आधी जावं असं सर्वांचं मत पडलं, आणि चिटणिसांना अचानक तगरींना पाणी घालायचं आठवलं.

"अरे, मधलं पान कुठाय?" आतून काकांचा आवाज आला.

ते माझ्या काखेत होतं. द्यायला आत जाणं भागच होतं.