पाटावरनं उठताना

अण्णा दारात आलं तवा माझा एक हात पिठात हुता आन् लेक काखंत. त्यांच्या मागं वस्ताद.

वस्ताद म्हणालं, "पोरी, अण्णा आज पैलवान बघाय आल्यात."

मी म्हटलं, "मग तालमीत जावा की. हितं नुसती चूल हाय."

अण्णा हसलं. "तालमीत समदंच वाघ असत्यात. मला त्यास्नी जेवताना बघायचंय."

मी दारातनं लगीच बाजूला झाले न्हाय. का ते सांगते.

मंगळवार पेठेतल्या आमच्या खोलीत मी पैलवानांचा खुराक करते. खुराक म्हंजे नुसतं जेवण न्हाय. आंग भरायला जे जे लागतंय ते समदं. सकाळी बदाम वाटून दुधातनं, दुपारी भाकरी, मटणाचा रस्सा, वर तूप, सांजच्याला परत दूध. चौघं जेवत्यात, त्यातलं एक आमचं मालक. खर्च अण्णांचा. त्यांची शिरोली एमआयडीसीत फौंड्री हाय, म्हंजे लोखंड वितळवून साच्यात वतायचा कारखाना. पैलवान अण्णांच्या जिवावर खातोय, जिंकला की अण्णांचं बी नाव हुतंय. माझी करणावळ बी तेच देत्यात. म्हंजे नवऱ्याची कुस्ती आन् माझी चूल एकाच दावणीला बांधलेली.

यंदा अण्णा एकालाच पुढं न्हेणार हुतं. उत्तरेकडचा एक जड पैलवान मैदानाला येणार हुता आन् त्याच्यासंगं जोड लावायची हुती. जोड लावायची म्हंजे कोण कुणाशी लढणार ते ठरवायचं. आमच्यात दोघांचं नाव घेत हुती. एक आमचं मालक, दारातनं वाकून, तिरकं हून आत येत्यात एवढं आंग. दुसरा बापू. उंच हाय, पर त्यांच्यापरीस हलका.

आन् मालकांचा उजवा गुडघा दिवाळीपासनं गेलता.

हे तालमीत कुणाला ठावं न्हवतं. आंग तापलं की कळत न्हाय म्हणं. बाईमाणूस तालमीची पायरी चढत न्हाय, त्यामुळं मी त्यास्नी लढताना कवा बघितलंच न्हाय. मी बघते ते जेवताना आन् उठताना. पाटावरनं उठताना आधी हात भुईला, मग भिंतीला. मी म्हटलं, "डाक्टरकडं चला." तर म्हणालं, "डाक्टर काय कुस्ती लढतोय व्हय? गप ऱ्हा."

गप ऱ्हायले. पर जीव थाऱ्यावर न्हवता. कळलं तर खुराक बंद, घर बंद. न्हाय कळलं तर हे त्या उत्तरेकडच्या डोंगराम्होरं उभं ऱ्हाणार. आन् ऐन वक्ताला गुडघ्यानं दगा दिला तर? पलीकडच्या गल्लीत एक पैलवान हाय. डावात खाली आला, मानंवर पडला. आता त्याला बायको चमच्यानं भरवती. मी पाण्याला त्याच्याच दारावरनं जाते.

तर मालक आन् बापू पाटावर बसलं. अण्णा जैन, आमच्यात जेवत न्हाईत. दुधाचा पेला घेऊन खाटंवर बसलं. मी रस्सा वाढला की ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायचं. वाढून झालं की परत पैलवानाकडं.

मालकांनी काय जेवावं. भाकरीवर भाकरी. मी भाजीन तवर ताट मोकळं. बापूनं दोन खाल्ल्या आन् ताटावर हात आडवा धरला.

अण्णा म्हणालं, "ह्यो काय कुस्ती करतोय? नव्या नवरीवानी जेवतोय."

बापू म्हणाला, "पोट भरलं, अण्णा."

"पैलवानाचं पोट भरतंय व्हय? ठरलं, वस्ताद. म्हादबालाच न्यायचं." म्हादबा म्हंजे आमचं मालक.

वस्ताद मालकांच्या पायाकडं बघत हुतं. म्हणालं, "थांबा की. हात तर धुवाय उठू द्या."

म्हाताऱ्याला कायतरी कळलं हुतं. मला दुसरं काय सुचंना. मी लेकीला उचललं आन् मालकांच्या मांडीवर दिलं. म्हटलं, "धरा हिला जरा, रडती. उठू नगा, मी हितंच परात आन् तांब्या आणते." लेक काय रडत न्हवती. गप अंगठा चोखत हुती.

"परात ठेव पोरी," वस्ताद म्हणालं. "पैलवान मोरीपतुर जातोय की."

बापू उठून मोरीकडं गेला बी. मालकांनी माझ्याकडं बघितलं. डाव्या हातात लेक, उजवा खरकटा. भुईला टेकायला हात न्हाय. भिंत लांब. तसंच उठाय गेलं. अर्ध्यात आलं आन् गुडघा लटपटला. परत बसलं. लेकीला वाटलं खेळ चाललाय, ती खिदळाय लागली. चेहरा पार उतरला त्यांचा. परत एकदा जोर लावत्यात का काय म्हणून मी पुढं झाले. पर न्हाय लावला.

हळू म्हणालं, "वस्ताद, हात द्या. पोर पडंल."

वस्तादांनी बगलंत हात घालून उठीवलं. खाटंवर बसवलं, गुडघा अंगठ्यानं दाबून बघितला. "कवापासनं?"

मी म्हटलं, "दिवाळीपासनं."

अण्णांनी पेला खाली ठेवला. "एक्स-रे काढू की. औषध करू. एवढं आंग वाया जाणार व्हय?"

"अण्णा, वजन चढवता येतंय. गुडघा नवा बसवता येत न्हाय. ह्याचं मैदान संपलं. मान शाबूत हाय तवर संपलं, ते बरं झालं."

"आन् ह्यो बापू? हलका हाय की."

"हलका हाय, पर उठताना बघितलासा? भुईला हात न्हाय लावला. वरीसभर खायला घाला ह्याला. त्या पावण्यासंगं यंदा जोड नगं."

अण्णांना पटलं न्हाय, पर ऐकलं.

मालक माझ्याशी लई दिवस बोलत न्हवतं. मग एकदा लेकीला खेळवत इचारलं, "पोर मुद्दाम दिलतीस मांडीवर?"

"व्हय. उठाय लागू नये म्हणून."

"आन् तिच्यापायीच उघडं पडलो." हसलं, पर अर्धंच.

आता अण्णांनीच त्यास्नी फौंड्रीत गेटावर ठेवलंय. सांजच्याला तालमीत बारक्या पोरांना डाव शिकिवत्यात. बापू भरलाय, दोन मैदानं मारली. माझी चूल चालू हाय.

नवा पैलवान जेवाय आला की मी पोटभर वाढते. परात मातुर कुणाला देत न्हाय. हात धुवाय मोरीपतुर जावा म्हणते.