दुसऱ्याच्या जाळ्याला सुरी

होडी माझी, पण जाळं दोघांचं. निम्मे तुकडे माझे, निम्मे माझ्या लहानपणापासूनच्या दोस्ताचे. निघण्याआधी ते गाठी मारून जोडायचे. नियम एकच: दुसऱ्याच्या तुकड्याला सुरी लावायची नाही. कापायची वेळ आलीच, तर ज्याचं त्याने कापायचं.

डॉल्फिनना आम्ही जोडीने शिव्या घालायचो. अडकलेले बांगडे पळवतात, जाळ्याला भगदाडं पाडतात, आणि मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला आलेले लोक त्यांना बघून टाळ्या पिटतात. बायको गेली, मुलगी लग्न होऊन मुंबईला गेली. त्यानंतर दिवसभरात माझं जे काही बोलणं व्हायचं ते या दोस्ताशीच. त्यातलंही निम्मं भांडण.

त्या सकाळी जाळं टाकून झाल्यावर तो होडीच्या पुढच्या बाजूला आडवा झाला. अख्खा पावसाळा ओटीवर बसून विणलेला त्याचा नवा तुकडा पहिल्यांदाच पाण्यात होता. थोड्या वेळाने मी ओढायला लागलो, तर भलतंच वजन लागलं. डॉल्फिनची मादी त्या नव्या तुकड्यात शेपटीपाशी गुरफटली होती आणि पिल्लू तिच्याभोवती घिरट्या घालत होतं. ती श्वासापुरती वर यायची, पुन्हा खाली ओढली जायची. मी झोपलेल्या दोस्ताकडे पाहिलं. मग सुरी काढली आणि जाळं कापलं.

मादी सुटली. होडी हलली तसा तो जागा झाला. त्याने जाळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बंदर येईपर्यंत तो माझ्याकडे पाठ करून बसला. मला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. दुसऱ्या दिवशी तो आपले तुकडे सोडवून न्यायला आला. मी म्हटलं, नवीन विणून देतो.

"जाळ्याचा काय नाय रे," तो म्हणाला. "मला हाक मारली असतीस, तर मीच कापला असता."

आता तो दुसऱ्या होडीवर जातो. माझं एकट्याचं जाळं आखूड, ते मी किनाऱ्याजवळच टाकतो. डॉल्फिन दिसले की तोंडात शिवी येते, पण ऐकायला कुणी नसतं. फार एकटं वाटतं, लपवून काय करू? वाडीतले लोक म्हणतात, एका जाळ्यापायी इतकी जुनी दोस्ती तुटली. मी नुसती मान हलवतो. हाक मारायला मला वेळ होता. तो नाही म्हणेल अशी माझी खात्री होती, आणि ते त्याला कळलं.