मिटल्या डोळ्यांचा लॅम्प

माझ्या घरात प्लास्टरचे अकरा लॅम्प आहेत आणि त्यातले नऊ पेटत नाहीत. डोक्यावर घागर घेतलेली बाई, हरणांची जोडी, पोपट, मांडीवर वीणा घेतलेली मुलगी. सगळे साच्यातून काढलेले, हाताने रंगवलेले. पूर्वी लग्नात आहेर म्हणून यायचे आणि टीव्हीवर क्रोशाच्या रुमालावर बसायचे. मग कोणाचा तरी कोपर लागून नाक उडायचं आणि ते माळ्यावर जायचे. माझी मुलगी या सगळ्याला भूतबंगला म्हणते. म्हणू दे. हौसेला मोल नसतं, आणि फडकं मारते ती मी, ती नाही.

खरं सांगायचं तर मला अकरा नकोच होते. एकच हवा होता, बाबांनी रंगवलेला.

बाबा कल्याणला गणपतीच्या कारखान्यात रंगारी होते. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी काढतात. त्याला आखणी म्हणतात आणि ती कोणाच्याही हातात देत नाहीत. कारखान्यात आखणी बाबांची. त्या दिवशी ते आंघोळ करून, तोंडात पाण्याचा थेंबही न घेता जायचे. गणपती गेले की काम नसायचं, मग उरलेल्या प्लास्टरचे लॅम्प ओतायचे आणि तेही बाबाच रंगवायचे. लुगड्याचे काठ, घागरीवरची नक्षी, कपाळावरचं कुंकू, सगळं काढायचे. डोळे मात्र नाहीत. नुसती पापणीची एक रेघ, नाकाकडे बारीक, बाहेर जाड, टोकाला जराशी उचललेली. म्हणजे बाईने डोळे मिटलेत. मी पाचवी-सहावीत असताना विचारलं होतं, असं का? म्हणाले, "दिव्याला डोळे कशाला गं? तो दुसऱ्याला दिसावं म्हणून असतो."

हे वाक्य मी जन्मभर मिरवलं. शाळेत निबंधात घातलं, ऑफिसातल्या निरोपाच्या भाषणात घातलं, टाळ्या घेतल्या. चौथी शिकलेला माझा बाप काय बोलून गेला बघा, असा माझा सगळा तोरा.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, आमच्या घरी त्यांचा एकही लॅम्प नव्हता. सगळे दुकानांत जायचे. गणपती तर पाण्यातच जायचे. मी कॉलेजात असताना बाबा गेले, आणि मागे राहिला रेशनकार्डावरून मोठा करून घेतलेला एक फोटो. म्हणजे त्यांच्या हाताचं या जगात काही उरलं असलंच, तर ते कोणाच्या तरी माळ्यावर नाक फुटून पडलेलं होतं. तेवढ्यासाठी मी भंगारवाले पालथे घातले. डोळे उघडे दिसले की तो लॅम्प सोडून द्यायचा, हा माझा नियम. तरी आवडले म्हणून त्यातले दहा घरी आले, ती गोष्ट वेगळी.

तो सापडला तो आमच्याच वर्तकनगरात. शेजारची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, लोक घरं रिकामी करत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी जुनं सामान जिन्याखाली आणून ठेवलं होतं. फुटकी बादली, सुटकेस, आणि त्यामागे घागरवाली. हिरवं लुगडं, पिवळे ठिपके, नाकाचा शेंडा गेलेला. आणि ती रेघ. मी तिथेच पायरीवर बसले. बाई म्हणाल्या, "बरं नाही का वाटत तुम्हाला?" मी म्हटलं, "हा मी नेऊ?" त्या म्हणाल्या, "न्या की, नाहीतरी टाकायचाच होता."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण आपल्याकडे खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत, आणि तो लॅम्प असला तरी माझ्यासाठी तो लॅम्प राहिला नव्हता. नाक दुरुस्त करायचंच, असं मनाने घेतलं.

बाबांच्या शेजारी बसून काम करणारे, त्यांना दादा म्हणणारे एक काका अजून आहेत, सत्तरी ओलांडलेले. कल्याणजवळ शहाडला स्वतःची शेड आहे त्यांची. त्यांच्याकडे घेऊन गेले. चार वेळा बजावलं, काका, फक्त नाक, बाकी कुठे ब्रश लावायचा नाही. ते मान हलवत राहिले. आठ दिवसांनी गेले तर लॅम्प पेपरात गुंडाळून तयार. पेपर सोडला आणि घागरवालीने टक्क माझ्याकडे बघितलं.

तिला डोळे काढले होते. काळी बुबुळं, त्यात पांढरा ठिपका, कोपऱ्यात फिकट लाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं शोधलेली रेघ या माणसाने आठ दिवसांत रंगाखाली घातली होती. मी वाट्टेल ते बोलले. गणपती रंगवून रंगवून तुमचा हात दुसरं काही ऐकत नाही का, असंही बोलले. काका ब्रश पुसत होते. माझ्या तोंडाचा पट्टा थांबल्यावर म्हणाले, "बाय, तुला दादांनी काय सांगितलेलं?"

मी ते वाक्य सांगितलं. दिव्याला डोळे कशाला.

"हां. सगळ्यांना तेच सांगायचे," काका म्हणाले. "दादांना दिसत नव्हतं गं. शेवटची सात-आठ वर्षं सगळं धुरकट. शेठला कळलं असतं तर काम गेलं असतं. गणपतीची आखणी मी करायचो, शेठ जेवायला गेला की. दादा आंघोळ करून, उपाशी, माझ्या बाजूला बसून राहायचे. नाव त्यांचं, हात माझा. पण लॅम्पांची खेप मोठी, तेवढे डोळे माझ्याच्याने होईनात. मग म्हणाले, मिटलेले ठेवू."

"आणि ती रेघ?"

"ती हाताच्या सवयीची, काठ-नक्षीसारखीच. तिला बघावं लागत नाही." मग म्हणाले, "नाक लावताना वाटलं, दादांचं राहिलेलं काम आहे. आता तरी पुरं करावं. त्यांनीच शिकवलेले डोळे आहेत हे."

त्याआधी कितीतरी वर्षं बाबांना नीट दिसत होतं, म्हणजे लॅम्पना डोळेही काढलेच असतील. डोळे उघडे म्हणून मी जे सोडून दिले, त्यातले किती त्यांचे होते, देव जाणे.

काका म्हणाले, पाण्याचा रंग आहे, ओल्या बोळ्याने पुसून देतो. पण खालची रेघही पाण्याच्याच रंगाची. दोन्ही गेलं असतं. मी म्हटलं, "राहू दे काका." त्यांची माफी मागायला हवी होती. ती मागितली नाही, आणि याची मला अजून लाज वाटते.

परत येताना एसटीत लॅम्प मांडीवर होता. घराजवळच्या खोपट स्टँडवर उतरले आणि समोर गाड्यांच्या पाट्या दिसल्या. याच स्टँडवर, मी सातवीत असेन, आत्याकडून कल्याणला परत जाताना बाबा मला म्हणायचे, बघ गं, कल्याणची गाडी कुठली? एकदा मी वैतागून सगळ्यांसमोर बोलले होते, "एवढी मोठी पाटी दिसत नाही? वाचता येत नाही का तुम्हाला?" माणसं हसली होती. बाबाही हसले होते. म्हणाले, चष्मा घरी राहिला.

बाबांकडे चष्मा नव्हताच.

मी बाकावर बसले, पेपर बाजूला केला आणि घागरवालीचं तोंड गाड्यांकडे फिरवलं. मग एकेक पाटी वाचायला लागले. भिवंडी. शहापूर. मुरबाड. पनवेल. सावकाश, ऐकू जाईल अशी. शेजारच्या बाईने विचारलं, "तुम्हाला कुठली गाडी हवीय?"

म्हटलं, "मला नको. बाबांना वाचून दाखवतेय."